स्थलनिर्देशक नकाशा, डोंगरी प्रदेशाचा

भूपृष्ठाच्या मर्यादित भागातील उंचसखलपणा, जलप्रवाह, वनस्पती, वस्त्या, मार्ग व सीमा प्रत्यक्ष मोजणी करून आणि ठराविक प्रमाणावर दाखविणाऱ्या नकाशास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. त्याच्या सुट्या कागदास ‘पत्रक’ व बोलीत ‘टोपोशीट’ असे नाव आहे. सपाट प्रदेशाच्या पत्रकात मुख्यतः लांबी-रुंदीचा हिशेब असतो. डोंगरी प्रदेशाच्या पत्रकात मात्र उंची हे तिसरे परिमाणही कागदावर उतरवावे लागते व तेच काम सर्वांत कठीण असते. असे पत्रक ज्या वर्षी मोजले गेले, त्या वर्षीच्या भूमीचे ते वर्णन असते. त्यानंतर धरणे होतात, गावे हलतात, राज्ये व जिल्हे बदलतात; परंतु पत्रकावरील नोंद बदलत नाही. म्हणून जुने पत्रक निरुपयोगी ठरत नाही. त्याच्या काळाचे भान ठेवून वाचल्यास पुढे मोजता न येणाऱ्या भूमीचा तो पुरावा ठरतो. प्रस्तुत नोंदीत सातारा जिल्ह्यातील वडूजचा परिसर, त्यालगतचे महादेव डोंगर आणि पश्चिमेकडील सह्याद्री यांच्या आधारे या नकाशांचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

उंचसखलपणा दाखविण्याच्या पद्धती : प्राचीन व मध्ययुगीन नकाशांत डोंगर बाजूने पाहिल्याप्रमाणे चित्ररूपाने काढीत. मराठेशाहीतील मोडी लिपीच्या नकाशांतही किल्ले, नद्या व घाट अशाच दर्शनी रूपात आढळतात. अशा चित्रावरून डोंगर कोठे आहे हे कळते. परंतु तो किती उंच आहे व कोणत्या बाजूने चढता येईल, हे नेमके सांगता येत नाही. योहान गेओर्ग लेमान या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १७९९ मध्ये हॅश्यूर पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. उताराच्या दिशेने काढलेल्या लहान लहान रेषा उतार तीव्र असेल तेथे जाड व सौम्य असेल तेथे बारीक ठेवावयाच्या, हे तिचे सूत्र होय. स्वित्झर्लंडमध्ये गीयोम आंरी द्यूफूर याच्या देखरेखीखाली १८४५–६५ या काळात प्रसिद्ध झालेली १ : १,००,००० प्रमाणावरील २५ पत्रकांची नकाशामाला ही या पद्धतीची उत्कृष्ट निष्पत्ती मानली जाते. तीत वायव्येकडून प्रकाश पडला आहे असे कल्पून रेषा काढल्यामुळे आल्प्स पर्वत उठावदार दिसतो. तथापि या पद्धतीत उतार दिसला तरी उंची वाचता येत नाही.

ही उणीव समोच्च रेषांनी दूर झाली. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली स्थाने जोडणाऱ्या रेषेला समोच्च रेषा म्हणतात. पाण्याची खोली दाखविण्यासाठी अशा रेषा आधीच प्रचारात आल्या होत्या. जमिनीवरील डोंगरासाठी त्यांचा एक महत्त्वाचा आरंभीचा उपयोग चार्ल्स हटन याने केला. पृथ्वीची घनता काढण्यासाठी १७७४ मध्ये स्कॉटलंडमधील शिहॅल्यन या डोंगरावर घेतलेल्या मापनांवरून त्या डोंगराचे आकारमान ठरविण्याचे काम त्याच्याकडे होते. आकड्यांच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी त्याने समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समोच्च रेषा सर्वत्र रूढ होऊ लागल्या.

भारतातील सर्वेक्षण : भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. एक बाजू अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची व पुढील सर्व बाजू केवळ कोन मोजून गणिताने काढावयाच्या, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. त्याने वापरलेला मोठा थिओडोलाइट सु. ५०० किग्रॅ. वजनाचा होता आणि तो माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यावर चढवावा लागे. लॅम्टनचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी आताच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, सर्वेक्षणाच्या प्रवासातच झाला. त्याची कबरही तेथेच आहे. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट याने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. या मध्यवर्ती मालेला बीदर परिसरातून फुटलेली एक त्रिकोणमाला पश्चिमेस मुंबईकडे गेली व तिच्यामुळे दख्खनमधील डोंगरमाथे एका सुसूत्र जाळ्यात आले.

उंच पर्वतांनी सर्वेक्षकांपुढे निराळेच प्रश्न उभे केले. हिमालयाची शिखरे शेकडो किमी. अंतरावरून मोजावी लागत. प्रकाशाचे वक्रीभवन, पृथ्वीची वक्रता आणि पर्वताच्या गुरुत्वाकर्षणाने ओळंब्याच्या दिशेत पडणारा फरक यांचा हिशेब करावा लागे. कल्याणपूर व कल्याना या दोन स्थानकांमधील अंतर खगोलीय निरीक्षणाने व त्रिकोणांच्या गणिताने काढले असता कंसाच्या सु. ५ सेकंदांची तफावत आली. ही तफावत उलगडताना जॉन प्रॅट व जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या विचारांतून समस्थायित्वाची कल्पना पुढे आली. राधानाथ सिकदर यांच्या गणनेचा आधार असलेली एव्हरेस्ट शिखराची उंची १८५६ मध्ये २९,००२ फुट (सु. ८,८४० मी.) म्हणून जाहीर झाली, १९५५ मध्ये ती ८,८४८ मी. व २०२० मध्ये ८,८४८·८६ मी. ठरली. थिओडोलाइट नेणे अशक्य होते, तेथे नैनसिंग रावत यांच्यासारख्या पहाडी सर्वेक्षकांनी पावले मोजून व पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उंची काढून तिबेटचे मार्ग नकाशात आणले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून ते पावलांची गणती करीत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सुरू झालेला ‘अ‍ॅटलस ऑफ इंडिया’ हा एका इंचास चार मैल या प्रमाणाचा होता व त्यात डोंगर हॅश्यूर पद्धतीने दाखविले जात. १९०५ नंतर विभागाने एका इंचास एक मैल (१ : ६३,३६०) या प्रमाणावरील, समोच्च रेषा असलेल्या बहुरंगी पत्रकांची नवी माला हाती घेतली. जुनी पत्रके म्हणून संग्रहांत प्रामुख्याने आढळतात, ती याच मालेची. दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर १ : ५०,००० हे प्रमाण रूढ झाले आणि समोच्च रेषांमधील उभे अंतर सामान्यतः ५० फुटांऐवजी २० मी. झाले.

डोंगरावरील प्रत्यक्ष काम : सर्वेक्षणाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होई. प्रथम उंच व दूरवरून दिसणारे माथे त्रिकोणस्थानके म्हणून निवडीत. या कामी किल्ले फार सोयीचे ठरत, कारण ज्या जागेवरून पूर्वी शत्रूची चाल हेरली जाई, तेथूनच सभोवारची स्थानकेही दिसत. स्थानकांचे जाळे पूर्ण झाल्यावर तिपाईवर समतल फलक मांडून त्यावर ताणलेल्या कागदावर जागच्या जागी नकाशा काढला जाई. ज्ञात स्थानकांकडे रोख धरून सर्वेक्षक आपली जागा निश्चित करी. मग समोरच्या सोंडा, ओढे, वाड्या व वाटा यांच्या दिशा घेऊन त्यांचे स्थान ठरवी. उंच-खोल कोन मोजून बिंदूंची उंची काढली जाई आणि त्या बिंदूंच्या आधारे, भूमीचा आकार डोळ्यांनी पाहत समोच्च रेषा रेखाटल्या जात. निशाणे लावणारे, झाडी तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे व सामान वाहणारे खलाशी आणि वाटा व नावे सांगणारे गावकरी यांच्यावाचून हे काम होणे शक्य नव्हते. मात्र पत्रकाच्या समासात त्यांची नावे येत नाहीत. पावसाळ्यात तंबू आवरून कचेरीत स्वच्छ आरेखन केले जाई. पुढे हवाई छायाचित्रांच्या साहाय्याने समोच्च रेषा काढण्याची पद्धत आली आणि डोंगराच्या दडलेल्या बाजूही अचूक उतरू लागल्या.

पत्रकांचे क्रमांक व वडूजचा परिसर : भारत व लगतच्या देशांचा प्रदेश ४° अक्षांश × ४° रेखांश अशा चौकोनांत विभागून त्यांस क्रमांक दिले आहेत. पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग ४७ क्रमांकाच्या चौकोनात (१६° ते २०° उ. अक्षांश व ७२° ते ७६° पू. रेखांश) येतो. त्याचे १° × १° चे १६ भाग रोमन लिपीतील ‘ए’ पासून ‘पी’ पर्यंतच्या अक्षरांनी दर्शविले जातात व प्रत्येक भागाची पुन्हा १५' × १५' ची १६ पत्रके होतात. क्रम वायव्य कोपऱ्यापासून सुरू होऊन प्रत्येक स्तंभात वरून खाली जातो. खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज हे सु. १७° ३५' उ. व ७४° २७' पू. वर असल्याने ते ‘४७ के/६’ या पत्रकात पडते. खटाव, औंध व पुसेगाव ही गावेही याच पत्रकात येतात. महाबळेश्वर व कोयनेचे खोरे मात्र पश्चिमेकडील ‘४७ जी’ या भागात मोडतात. या अक्षांशावर १५' × १५' चे क्षेत्र सु. २७·७ किमी. उत्तर-दक्षिण व २६·५ किमी. पूर्व-पश्चिम भरते, १ : ५०,००० प्रमाणावर त्याची चौकट सु. ५५ × ५३ सेंमी. होते.

पत्रकातील रंगांना ठराविक अर्थ आहेत. समोच्च रेषा तपकिरी, वने व झाडी हिरवी, लागवडीची जमीन पिवळी, वस्त्या व सडका तांबड्या आणि पाणी निळे दाखवितात. पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने काढतात. वडूज परिसराचे पत्रक वाचताना हा संकेत विशेष महत्त्वाचा ठरतो. महाबळेश्वरी वर्षाला सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो, तर माण-खटावच्या पठारावर तो सु. ५० सेंमी. इतकाच असतो. पत्रकावर पावसाचा आकडा कोठेही लिहिलेला नसतो; परंतु काळ्या रेषांनी रेखाटलेले ओढे, पात्रातील वाळूचे ठिपके, गावाभोवती विखुरलेल्या विहिरी आणि तलावांचे बांध यांवरून तो अवर्षणाचा प्रदेश आहे, हे जाणकाराला सहज कळते. येरळेवरील नेर तलाव व मायणीचा तलाव ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाटबंधाऱ्यांची कामे याच गरजेतून झाली.

समोच्च रेषांचे वाचन : रेषा परस्परांजवळ असतील तेथे चढ उभा व दूर असतील तेथे सौम्य असतो. उदा., १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर लागोपाठच्या दोन रेषांत ४ मिमी. अंतर असेल, तर जमिनीवर ते २०० मी. होते, तेवढ्या अंतरात २० मी. चढ, म्हणजे उताराचे प्रमाण १० मध्ये १ असते. सह्याद्रीच्या कोकणाकडील बाजूस १ किमी. अंतरात ५०० मी. उतरण असल्यास पत्रकावरील २ सेंमी. जागेत २५ रेषा येतात, म्हणजे दोन रेषांमध्ये १ मिमी. सुद्धा जागा उरत नाही. जेथे कडा तुटलेला असतो, तेथे रेषा एकमेकींना भिडतात व कड्याचे स्वतंत्र चिन्ह द्यावे लागते. वाचन सुलभ व्हावे म्हणून प्रत्येक पाचवी रेषा ठळक काढतात.

दख्खनचे डोंगर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेले असल्याने त्यांचा पत्रकावरील आकार विशिष्ट असतो. माथ्यावर रेषा विरळ, त्याखाली एकदम दाट, पुन्हा थोड्या विरळ, पुन्हा दाट अशी पायऱ्यांसारखी रचना दिसते. कठीण थर कडा बनतात आणि मऊ थरांवर माच्या व शेताच्या पट्ट्या तयार होतात. खाली उतरत जाणाऱ्या सोंडेवर रेषांची टोके उताराकडे, तर ओढ्याच्या घळीत ती चढाकडे वळलेली असतात. दोन माथ्यांमधील खिंडीजवळ रेषा दोन्ही बाजूंनी आत ओढल्यासारख्या दिसतात. घाटवाट बहुधा तेथूनच गेलेली आढळते.

जलविभाजक : महादेव डोंगरांची रांग महाबळेश्वरच्या उत्तरेस सह्याद्रीपासून फुटून पूर्वेस व आग्नेयीस सातारा जिल्ह्यातून जाते. तिच्यापासून दक्षिणेकडे निघालेल्या दोन शाखा वडूजच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पश्चिमेकडील वर्धनगड-मच्छिंद्रगड शाखा कृष्णेचे मुख्य खोरे व येरळेचे खोरे यांना वेगळे करते. पूर्वेकडील महिमानगड-पन्हाळा शाखा येरळा व माण या नद्यांमधील जलविभाजक आहे. येरळा दक्षिणेस वाहत जाऊन सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. माण नदी मात्र भीमेकडे जाते. पत्रकावर या डोंगरमाथ्यांवरून बोट फिरविल्यास एकाच पावसाचे थेंब कोठे दुभंगतात, ते रेषेवर दाखविता येते.

ही रेषा केवळ अभ्यासाची बाब नाही. कृष्णेच्या खोऱ्यात पाणी असूनही वर्धनगडाच्या शाखेपलीकडे ते आपोआप जाऊ शकत नाही. जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून व डोंगर बोगद्याने ओलांडून नेर तलावात, आणि तेथून पुढे माण तालुक्यातील आंधळी तलावाकडे नेण्याची आखणी करण्यात आली. कोठून किती उंचीवर पाणी चढवावे, बोगदा कोठे सर्वांत आखूड होईल व पुढे कोणती जमीन उताराने भिजेल, या प्रश्नांचा प्राथमिक विचार समोच्च रेषांवरूनच करावा लागतो. प्रत्यक्ष बांधकामासाठी मोठ्या प्रमाणावरची स्वतंत्र मोजणी अर्थातच आवश्यक असते. कारण २० मी. उभ्या अंतराच्या पत्रकात ५-१० मी. उंचीची टेकाडे व घळी सुटून जातात.

बुडालेली खोरी : जुन्या पत्रकांचे सर्वांत मोठे मोल धरणांच्या प्रदेशात दिसून येते. महाबळेश्वरजवळ उगम पावणारी कोयना दक्षिणेस वाहत जाऊन हेळवाकजवळ एकदम पूर्वेस वळते. या वळणाजवळ १९५६–६४ या काळात बांधलेल्या धरणामुळे मागे शिवसागर जलाशय पसरला. धरणापूर्वीच्या पत्रकात या जागी निळ्या पृष्ठभागाऐवजी नदीचे वळसे, दोन्ही काठांची खाचरे, ओढ्यांवरील वाड्या, देवळे, उतार व पायवाटा दिसतात. तेथील कुटुंबांना खोरे सोडून दूरदूर वसावे लागले. पुनर्वसित गावांना अनेकदा जुनीच नावे मिळाली. त्यामुळे एकच नाव जुन्या व नव्या पत्रकांवर निरनिराळ्या ठिकाणी आढळते. गावाचे पूर्वीचे स्थान, वाड्यांची परस्परांपासूनची अंतरे आणि बाजाराला जाण्याची वाट या गोष्टी पुढील पिढ्यांना स्मृतीतून सांगितल्या गेल्या. मापाने सांगणारे साधन म्हणजे जुने पत्रक होय.

कृत्रिम उपग्रहांच्या युगातही ही उणीव सर्वस्वी भरून निघत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारद्वारे पृथ्वीच्या फार मोठ्या भागाची उंची मोजण्यात आली. परंतु जलाशयाच्या ठिकाणी त्या मोजणीत पाण्याचा सपाट पृष्ठभाग येतो, तळाचे खोरे येत नाही. त्यामुळे प्रकल्पासाठी झालेली मोजणी वगळता, बुडण्यापूर्वीच्या खोऱ्याचा उठाव जुन्या समोच्च रेषांतच नोंदलेला राहतो. जलाशयाचा तळ ध्वनिलहरींनी मोजून त्याची मूळ भूमीशी तुलना केली असता साचलेल्या गाळाचा अंदाज करता येतो. हीच गोष्ट कृष्णेवरील धोम, वेण्णेवरील कण्हेर व परळीजवळील उरमोडी या पुढील काळातील जलाशयांनाही लागू पडते.

पत्रकाचा काळ : जुने पत्रक वाचताना त्याचे मुद्रणवर्ष व सर्वेक्षणवर्ष यांत फरक करणे अगत्याचे असते. पहिल्या सर्वेक्षणावरून पत्रक अनेक वर्षांनी पुन्हा छापले जाते आणि त्यात केवळ सडका व सीमा सुधारलेल्या असतात. ही वर्षे समासात दिलेली असतात. समास फाटला असल्यास आतील खुणांवरून काळ ठरवावा लागतो. सातारा प्रदेशात यासाठी काही निश्चित आधार उपलब्ध आहेत. औंध व फलटण संस्थानांच्या सीमा दाखविणारी माहिती १९४८ मधील विलीनीकरणापूर्वीची असते. ‘उत्तर सातारा’ व ‘दक्षिण सातारा’ ही नावे १९४९ मधील विभाजनानंतरची व १९६० पूर्वीची. कारण १९६० मध्ये त्यांची अनुक्रमे सातारा व सांगली अशी नावे झाली. पुणे-मिरज लोहमार्ग मीटरमापी दाखविला असल्यास ती स्थिती १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या रुंदमापी रूपांतराच्या आधीची होय. उंची फुटांत असणे हे दशमानपूर्व मालेचे लक्षण आहे. मात्र यांपैकी एखाद्या खुणेवरून फक्त तेवढ्याच तपशिलाचा काळ ठरतो. डोंगराच्या समोच्च रेषा त्याहून कितीतरी जुन्या असू शकतात.

मर्यादा : भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक पत्रक हे जमिनीच्या मालकीचा पुरावा नव्हे. शेतांच्या हद्दी महसुली मोजणीच्या गाव-नकाशात असतात. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर येथून १८३६ च्या सुमारास सुरू केलेल्या महसुली सर्वेक्षणाची परंपरा निराळी आहे. तिचा उद्देश सारा ठरविण्याचा होता, उठाव दाखविण्याचा नव्हे. या दोन नकाशांची गल्लत केल्यास वहिवाट व हद्द यांच्या वादात चुकीचे निष्कर्ष निघतात. पत्रकावर पायवाट दाखविली आहे एवढ्यावरून तेथे सार्वजनिक हक्काचा रस्ता होता असे ठरत नाही. तसेच वाट दाखविली नाही म्हणून ती नव्हती असेही म्हणता येत नाही.

नावांच्या बाबतीतही सावधगिरी बाळगावी लागते. रोमन लिपीत ‘ड’ व ‘द’, ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ यांतील भेद सामान्यतः दिसत नाही. माण नदी व ‘मान’ हा शब्द तेथे एकरूप होतात आणि ‘येरळा’ची ‘येरला’ होते. अशा नावांचे देवनागरी रूप गावाच्या दप्तरावरून व स्थानिक उच्चारावरून पडताळून घ्यावे लागते. जुन्या पत्रकावरील होकायंत्राच्या उत्तर दिशेतील फरक कालांतराने बदलतो, म्हणून तो जसाच्या तसा वापरता येत नाही. शिवाय जुनी पत्रके एव्हरेस्टच्या विवृत्ताभावर आधारलेली असून उपग्रहीय स्थाननिश्चितीची साधने जागतिक विवृत्ताभ वापरतात; रूपांतर न करता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर बसविल्यास स्थान सरकते. जुना कागद ओलाव्याने व घड्यांनी आक्रसतो किंवा ताणला जातो, म्हणून अंतर मोजताना केवळ छापील प्रमाणावर विसंबून न राहता पत्रकावरील रेषाप्रमाण किंवा अक्षवृत्त-रेखावृत्तांच्या खुणा यांच्याशी ते ताडून पाहणे इष्ट असते.

उपलब्धता व जतन : संरक्षणाच्या कारणास्तव देशाच्या सीमा व समुद्रकिनारा यांपासून विशिष्ट अंतराच्या पट्ट्यातील पत्रकांवर दीर्घकाळ निर्बंध होते. कोकण व त्यालगतच्या सह्याद्रीची पत्रके त्यामुळे सामान्य अभ्यासकाला सहजासहजी मिळत नसत. राष्ट्रीय नकाशा धोरणाने २००५ मध्ये संरक्षणासाठीची व सर्वांसाठी खुली अशा दोन स्वतंत्र माला ठरविल्या आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे निर्बंध आणखी सैल केले. तथापि खुल्या झालेल्या नव्या मालेने जुन्या आवृत्तीची जागा भरून निघत नाही. नवी आवृत्ती आली की कचेऱ्या व शाळा-महाविद्यालयांतून जुनी पत्रके कालबाह्य म्हणून काढून टाकण्याची प्रथा आढळते. त्याबरोबर बुडालेल्या गावांची, बुजलेल्या विहिरींची व मोडलेल्या घाटवाटांची मोजलेली नोंदही नाहीशी होते. घडी न घालता सपाट ठेवणे, दमटपणा व प्रखर उजेड टाळणे, समासासह संपूर्ण पत्रकाची छायाप्रत घेणे आणि प्रत्येक प्रतीवर सर्वेक्षणवर्ष स्पष्ट नोंदविणे, एवढी काळजी घेतल्यास ती दीर्घकाळ उपयोगी पडतात.

एकाच प्रदेशाची निरनिराळ्या वर्षांची पत्रके शेजारी ठेवून वाचणे ही अभ्यासाची सर्वांत फलदायी रीत होय. वडूजच्या परिसरात अशा तुलनेने डोंगरांच्या सोंडा जागच्या जागी आढळतात, तर पिवळा रंग माळावर किती चढला, काळ्या ओढ्यांवर किती बांध पडले व विहिरी कोणत्या बाजूस वाढल्या, हे दिसते. पश्चिमेकडील कोयनेच्या पत्रकांत तीच तुलना केली असता वरच्या समोच्च रेषा दोन्ही आवृत्त्यांत सारख्याच राहतात आणि जलाशयाच्या पातळीखालील रेषा केवळ जुन्या आवृत्तीत सापडतात.